बॉबिनच्या स्क्रूला हात लावू नका!

शिलाई मशीनवर शिवताना वाकळेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले, की घरातला प्रत्येक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉबिन केसवरच, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीवरच, का तुटून पडतो, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगावे. गुंता खाली दिसला म्हणजे दोषही खालचाच, हे यांना कोणी शिकवले? अहो, बहुतेक वेळा वरचा दोराच टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून तो पुन्हा ओवला, की काम मिनिटभरात होते. पण तेवढा धीर कोणाला आहे?

जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर 11 नंबरच्या बारीक सुईने शिवायचे, टाके सुटले की मशीनच्या नावाने बोटे मोडायची, आणि 16 किंवा 18 नंबरची सुई लावा म्हटले, की ‘ही अजून मोडली कुठे आहे?’ असे विचारायचे! मोडेपर्यंत सुई बदलायची नाही, असा कोणता नवस बोलला आहे?

तेलाची तर तऱ्हाच न्यारी. कोल्हापूरच्या थंडीत बाटलीतच गोठणारे खोबरेल मशीनमध्ये ओतायचे, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली सुती तंतूंचा नमदा साचू द्यायचा, आणि मशीन जड का चालते म्हणून आश्चर्य करायचे! शेवटी ते धूड रिक्षात घालून कारागिराकडे न्यावे, तर तो चाक एकदाच फिरवून ‘टायमिंग गेले आहे, नवीनच घ्या’ असा निकाल देतो. टायमिंग म्हणजे सुई आणि तिचा दोरा खाली पकडणारे शटल यांचा मेळ; तो पाहण्यासाठी निदान शटलचे झाकण तरी उघडावे लागते की नाही?