आखाजीचा जुगार आणि वेदांची खोटी साक्ष

‘मामा, हे तर वेदातच आहे,’ असे म्हणत माझ्या भाच्याने परवा मोबाइलवरचा एक संदेश माझ्यापुढे धरला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशातल्या घरोघरच्या गटांवर असे काही फिरू लागते. या संदेशाचे म्हणणे असे, की बावन्न पत्त्यांचा जोड आपल्या ऋषींनी पंचांगावरून रचला, आखाजीला पैसे लावून खेळणे ही वेदाज्ञा आहे आणि त्या दिवशी जो खेळत नाही तो पुढल्या जन्मी गाढव होतो.

पत्त्यांचे आधी सांगतो. बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू आणि सगळ्या पत्त्यांची बेरीज जोकर धरून ३६५, असा हा हिशेब आहे. बेरीज खरी आहे. एक ते तेरा मिळून ९१ आणि त्याची चौपट ३६४. पण आपल्या पंचांगात ऋतू सहा असतात, चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि जोकर हा पत्ता एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आला. बावन्न पानांचा, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला जुना जोड इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. आपल्याकडचा गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ याहून वेगळा आहे: पाने गोल, दशावतारी जोडात रंग दहा आणि प्रत्येक रंगाची बारा, म्हणजे एकूण १२० पाने. सावंतवाडीत तो आजही हाताने रंगवतात. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी निदान तो एकदा पाहावा.

खरा संताप येतो तो वेदाज्ञेच्या दाव्याचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याविषयीच आहे. त्यात त्याची बायको आणि आई झुरतात, तो कर्जापायी रात्री दुसऱ्यांच्या घराकडे जातो आणि आई, बाप, भाऊ म्हणतात, ‘आम्ही याला ओळखत नाही, याला बांधून न्या.’ तेराव्या ऋचेत तर स्पष्ट सांगितले आहे: ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’, म्हणजे फासे खेळू नकोस, शेतीच कर. आखाजी हा शेतकऱ्याचा सण, आणि त्याच्या जुगाराला या वेदाची साक्ष काढायची!

आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल संपते, जुना हिशेब होतो आणि नव्या सालाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडते. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या सालदाराने दुपारी घेतलेली उचल दिवेलागणीच्या आत गावाबाहेरच्या निंबाखाली झन्ना-मन्ना या पत्त्यांच्या जुगारात घालवली. रात्री त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसली. ती काहीच बोलली नाही, आणि माझ्या आईने घरातून पायली आणून तिला ज्वारी मापून दिली. तो पुढे वर्षभर राबला ते हरलेल्या पैशांसाठी.

जुगार जुना आहे, हे मात्र मान्य करावेच लागते. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच आकारायला सांगितले आहे, पण ती देखरेखीची व्यवस्था होती. तो धर्म नव्हता. शिवपार्वतींच्या द्यूताची कथा आहे आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, हेही खरे. परंतु ती तिथी कार्तिकातली आहे आणि आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला येते. निंबाखाली पत्ते कुटण्याची आपल्याकडची चाल जुनी असेल, म्हणून ती वेदातली होत नाही.

गाढवाच्या जन्माला संदेशात कोणत्याही ग्रंथाचा आधार दिलेला नाही, तेव्हा त्यावर शब्द खर्चत नाही. ज्या दिवशी घागर भरून पितरांना पाणी देतात, त्याच दिवशी पुढल्या जन्माचा धाक घालून पोरांना डावावर बसवणे मला अत्यंत हीन वाटते. भाच्याला मी ती ऋचा अर्थासह कागदावर लिहून दिली आहे, आणि जिथून संदेश आला त्याच गटावर ती टाकण्याचे त्याने कबूल केले आहे.