‘गळ्यात मारायची सवय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

टॅब घेताना स्टोरेज किती घ्यावं, या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : घरी वायफाय असेल तर ६४ जीबी कुणालाही पुरतात, बाकीचं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवता येतं आणि तेही फुकट. मेमरी कार्डाबद्दल मी चुकीचं लिहिलंय. ६४ पैकी चाळीस-पंचेचाळीसच हाताला लागतात, हा आकडा मी लोकांना घाबरवायला वापरलाय. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो : ‘दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाची वरचं मॉडेल गळ्यात मारायची सवय जात नाही.’

आधी चूक मान्य करतो, म्हणजे तो विषय संपेल. ‘आता टॅबमध्ये कार्डाची खाच राहिलेलीच नाही’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चूक आहे. आयपॅडला ती कधीच नव्हती, पण सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ मध्ये आहे आणि महागड्या टॅब एस९ मध्येही आहे. ते वाक्य मी बदललंय. तुम्ही दाखवून दिलंत, त्याबद्दल आभार.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. तुम्ही ते जाता जाता लिहिलं असेल, मला मात्र ते दोन दिवस पुरलं.

सांगलीत एका मोबाइलच्या दुकानात मी २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं काम केलं. मालक नव्हतो, पगारी माणूस होतो. पहिली दोन वर्षं विक्रीला आणि पुढची सात दुरुस्तीच्या काउंटरला. हे मी माझ्या परिचयात स्वतःहून लिहिलेलं आहे. तुम्ही कुठून शोधून काढलेलं नाही, त्यामुळे ते उघड केल्याच्या थाटात सांगायची गरज नव्हती. ‘गळ्यात मारणं’ म्हणजे समोरच्याला नको असलेली वस्तू त्याला फसवून देणं. तुम्ही मला एकदाही भेटलेला नाहीत. मी कुणाला काय विकलं, काय घेऊ नका म्हणून सांगितलं, यातलं तुम्हाला काहीही माहीत नाही. मग हा शब्द लिहिताना हात जरा तरी थांबायला हवा होता.

आणि हिशेबाचंच बोलायचं तर दुकानाचं गणित तुम्ही उलटं मांडलंय. टॅबवर आमच्या मालकाला फार तर दोन-तीन टक्के सुटायचे. शेजारच्या गल्लीतला दुकानदार शंभर रुपये कमी करायला बसलेलाच असायचा, त्यामुळे तेही पुरते हाती येत नसत. दुकान चालायचं ते कव्हरवर, काचेवर, चार्जरवर आणि मेमरी कार्डावर. छोट्या स्टोरेजचा टॅब आणि सोबत कार्ड, असं गिऱ्हाईक आलं की मालक खूश असत, कारण कार्डावर सुटणारे पैसे टॅबपेक्षा जास्त. ‘छोटा घ्या आणि वर कार्ड टाका, स्वस्तात पडेल’ हे वाक्य पहिली दोन वर्षं मी स्वतः दिवसातून दहा वेळा बोललेलो आहे. म्हणजे आज तुम्ही जो सल्ला देताय, तोच तेव्हा दुकानाच्या फायद्याचा होता. दुरुस्तीच्या काउंटरला बसलो तेव्हा त्या सल्ल्याचं पुढे काय होतं, ते रोज समोर यायला लागलं.

टॅब हँग होतो, अशी तक्रार घेऊन माणूस यायचा. कापडी पिशवीतून टॅब काढायचा, कव्हराची चेन उघडायची आणि सांगायचा, ‘बघा की जरा, बटण दाबलं की पाच मिनिटांनी उघडतंय.’ मी पहिलं काम एकच करायचो. सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेजची पट्टी बघायची. बहुतेक वेळा ती टोकापर्यंत भरलेली असायची. स्वस्त टॅबात ईएमएमसी जातीची मेमरी असते. ती मुळातच संथ. त्यात अशा फ्लॅश मेमरीवर नवीन काही लिहायचं तर आधी आख्खा ब्लॉक, म्हणजे जागेचा एक मोठा तुकडा, पुसावा लागतो. मोकळी जागा असते तोवर हे काम मागच्या मागे होऊन जातं. जागा संपत आली की आधी आतला डेटा इकडून तिकडे हलवायचा, मग पुसायचं आणि मग लिहायचं. त्यामुळे टॅब अडखळतो. माणसाला वाटतं बिघडला. बिघडलेला काही नसतो, तो भरलेला असतो. कार्ड घातलेलं असलं तरी ही पट्टी आतल्या मेमरीची, तिला त्याचा फारसा उपयोग नाही. अँड्रॉइड ६ पासून कार्डाला आतल्या मेमरीत धरायची सोय आली खरी, पण सॅमसंगने ती आपल्या टॅबात दिली नाही. कार्डावर सिनेमे, फोटो, पीडीएफ जातात. ॲप आणि त्यांचा पसारा मुख्यतः आतच राहतो. कार्डाच्या मुद्द्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तुम्ही लिहिलंत की दुकानातल्या माणसाची सवय जात नाही. माझी सवय कुठे मोडली ते सांगतो. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

जून २०२०. शाळा बंद, भाच्याचे वर्ग ऑनलाइन. ताई विट्याला असते. तिने फोन करून विचारलं, कुठला टॅब घेऊ. ३२ आणि ६४ मध्ये तीन हजारांचा फरक होता. दाजींचं काम बंद होतं. मी म्हणालो, ‘ताई, ३२ चा घे, शाळेपुरतं तर वापरायचंय.’ वरचं मॉडेल गळ्यात मारणारा तो हाच माणूस. सख्ख्या बहिणीला मी खालचं मॉडेल सांगितलं, आणि तेव्हा मला दुरुस्तीच्या काउंटरवर सात वर्षं झालेली होती.

त्या पावसाळ्यात आण्णा तिच्याकडे राहायला गेले. आमचे आण्णा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गायले. पेटी नव्हती, मृदंग नव्हता, नुसते टाळ घेऊन ते संध्याकाळी ओट्यावर बसायचे. भाच्याने त्याच टॅबवर त्यांचं रेकॉर्डिंग करायला सुरुवात केली. अभंग, गौळणी, मध्येच खोकला, मध्येच ‘चालू आहे का रे ते?’ असं विचारणं. फेब्रुवारीपर्यंत अशी सदतीस रेकॉर्डिंग झाली. जुलै २०२१ मध्ये आण्णा गेले.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत टॅब भरला. शाळेचं ॲप अपडेट मागायला लागलं, त्याशिवाय चाचणीची लिंक उघडेना. ताईने फाइल्स उघडल्या, मोठ्या फाइल वर येतील अशी यादी लावली आणि वरून पुसत आली. सदतीस फाइलींना नावं नव्हती. ‘व्हॉइस ००७’, ‘व्हॉइस ००८’ अशी ओळ होती. तिला वाटलं, वर्गाची रेकॉर्डिंग असतील. दीड जीबी मोकळे झाले, ॲप अपडेट झालं, चाचणी झाली.

जुलैमध्ये वर्षश्राद्धाला माणसं जमली, तेव्हा भाचा म्हणाला, आजोबांचं लावू या. तो टॅब घेऊन यादी वर-खाली करत राहिला. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, एकदा यादीकडे बघितलं आणि काही न बोलता जमिनीवर बसली.

मी त्या टॅबवर रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवून पाहिली. करायलाच हवं म्हणून केलं, काही निघणार नाही हे मला माहीत होतं. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये डेटा कुलूपबंद असतो आणि पुसलेली जागा आतूनच साफ केली जाते. शिवाय मध्ये पाच महिने गेलेले. एक ४१ सेकंदांचा तुकडा उरला, कारण तो ताईने मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता.

आता तुमचा क्लाउड. त्या टॅबवर गूगल फोटोज चालू होतं, घरी वायफाय होतं, म्हणजे तुमच्या दोन्ही अटी पूर्ण होत्या. गूगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ वर नेतं. आवाजाच्या फाइलींना ते हातही लावत नाही. त्या कुणीतरी आठवणीने गूगल ड्राइव्हवर टाकाव्या लागतात. ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. ‘क्लाउडवर ठेवा’ हे तीन सेकंदांत लिहून होतं, पण कुठल्या क्लाउडवर काय जातं आणि काय जात नाही, हे तुम्ही एका ओळीनेही सांगितलेलं नाही. आयक्लाउड फोटोज चालू असलेल्या आयपॅडवर जागा करायची म्हणून फोटो पुसला, तर तो आयक्लाउडवरूनही जातो आणि त्याच खात्याच्या आयफोनवरूनही. उलट गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ केलं, तर टॅबवरची प्रत जाते आणि वरची राहते. दोन्हीला लोक क्लाउडच म्हणतात.

आणि ‘फुकट’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहिलाय. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ लाच बंद झाली. आयक्लाउड ५ जीबी देतं. त्यापुढे मी पाहिलेल्या दरांनी आयक्लाउडचे २०० जीबी महिना २१९ रुपये. टॅब पाच वर्षं वापरला, तर १३,१४० रुपये. मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडला १२८ वरून २५६ वर जायला १०,००० रुपये जास्त लागत होते. ते एकदाच. आता कोण महाग पडलं, तुम्हीच सांगा. ज्याला फोन, टॅब, लॅपटॉप सगळीकडे फोटो हवेत, त्याने क्लाउड जरूर घ्यावा, मीही घेतलाय. पण त्याला फुकट म्हणून लोकांना छोटा टॅब घ्यायला लावू नका.

६४ पैकी किती उरतात, याबद्दल तुम्ही दिलेला स्क्रीनशॉट मी पाहिला. खोक्यावरचे ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट, एक केबी म्हणजे १०२४ बाइट, या हिशेबाने ५९.६. त्यातून सिस्टिम आणि कंपनीची ॲप वजा जातात. चाळीस-पंचेचाळीस हा माझा आकडा कायम आहे. तुमच्या टॅबवर ४८ उरले म्हणून तो खोटा ठरत नाही.

६४ ‘कुणालाही’ पुरतात म्हणता, तर कुणाला पुरतात हे मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय : यूट्यूब, बातम्या, दोन-चार पुस्तकं, व्हिडिओ कॉल. माझ्या शेजारच्या आजी ६४ वर आनंदात आहेत. पण व्हिडिओ काढणाऱ्याचं काय? आयपॅडच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, १०८०पी एचडीला मिनिटाला सुमारे ६० एमबी आणि ४के ला १७०. गाण्याच्या शिक्षिकेने तासाचा वर्ग ४के मध्ये काढला, की दहा जीबी गेले. प्रोक्रिएटवर चित्रं काढणाऱ्या मुलाची चित्रं टॅबवरच राहतात, सोबत प्रत्येक चित्राचं टाइमलॅप्स, म्हणजे ते कसं काढलं याचा व्हिडिओही, साठत जातं. २०२२ च्या पाचव्या पिढीच्या आयपॅड एअरमध्ये तर २५६ जीबीवाल्यालाच स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा, म्हणजे चालू ॲपना लागणाऱ्या मेमरीसारखा, वापरायची सोय मिळाली, ६४ वाल्याला मिळाली नाही. पहिला आयपॅड २०१० साली १६ जीबीपासून होता, मार्च २०२५ चा साधा आयपॅड १२८ पासून. ६४ ची पायरी कंपनीनेच काढून टाकली. म्हणून आज नवीन टॅब घेणाऱ्याला मी १२८ सांगतो, आणि चित्र, व्हिडिओ, गाणं यातलं काही करणाऱ्याला २५६. त्याच्या वर जाऊ नका, असंही मी तिथेच लिहिलंय. ते मात्र तुम्ही उद्धृत केलं नाहीत.

टॅबची आतली मेमरी बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते. काउंटरवर लोक विचारायचे, ‘साहेब, ही वाढवून मिळेल का?’ नऊ वर्षांत एकालाही ‘हो’ म्हणता आलं नाही. पैसे कमी असतील तर जुनं मॉडेल घ्या, किंवा मागच्या वर्षीचं मोठ्या स्टोरेजचं घ्या, पण घेताना हे ठरवून घ्या, एवढाच माझा आग्रह आहे. आणि तो आग्रह कुणाच्या खिशात हात घालायला नाही.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर, म्हणजे पेनड्राइव्ह लावता येतो वगैरे, मूळ लेखात लिहिलेलं आहे. तिथेच वाचा.

कार्डाची ओळ दुरुस्त केली आहे आणि खाली तुमच्या टोपणनावाने नोंद दिली आहे. तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघातिघांनी मला कळवलं. ती आहे तशी ठेवली आहे, शेवटच्या वाक्यासकट. ताई हा ब्लॉग वाचते. तिने ते वाक्य वाचून फोन केला होता. तो टॅब तिने अजून विकलेला नाही.