पिकअप फोर बाय फोर करून घ्या, आबांना दाखवा

ऐन भाद्रपदात तुमची पिकअप दिंडोरीकडच्या काळ्या रानात मागच्या चाकांवर बसली. वर साठ कॅरेट टोमॅटो, तिकडे गिरणाऱ्याचा बाजार चालू झालेला. शेवटी शेजारच्या आबांचा ट्रॅक्टर आला, दोर लागला, गाडी निघाली. आबांनी पैसे मागितले असते तर एक वेळ चाललं असतं, पण ते नुसते हसले. त्या हसण्यावर उपाय एकच: गाडी फोर बाय फोर करायची, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोनऐवजी चारही चाकांना द्यायचा.

आता स्वस्तातले सल्ले देणारे येतील, त्यांना बांधावरूनच परत पाठवा. कोणी म्हणेल, मागचे टायर गुळगुळीत झालेत, खोल नक्षीचे घाला. कोणी म्हणेल, चिखलात हवा थोडी कमी करा. तुमची वहिनी तर सरळ म्हणेल, वाटेचा तेवढा दोनशे फुटांचा तुकडा खराब आहे, दोन ट्रॉल्या मुरूम टाका. मुरूम टाकून वाट सुधारेल हो, पण तो काय गाडीवर स्टिकर लावून मिरवता येतो?

सातपूरला कंपनीत कामाला असलेला मेहुणा सर्वात धोकादायक. तो शांतपणे सांगेल, "दाजी, बोलेरो कॅम्पर फोर बाय फोरमध्ये तयार मिळते. आहे ती विका, वर थोडे घाला, जुनी बघू एखादी." बोलेरो ज्या गावात, म्हणजे आपल्या नाशकात, बनते त्या गावच्या माणसाने असं बोलावं? त्याला चहा पाजा आणि विषय द्राक्षाच्या छाटणीवर न्या.

मग कामाला लागा. सामान फार नाही. गिअरबॉक्सच्या मागे बसणारा ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारी पेटी; पुढचा डिफरन्शियलवाला एक्सल (डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा गोळा); त्याचे हब, ज्यांवर चाकं बसतात; आणि एक्सलला फिरवायला पुढे जाणारा दुसरा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट. ट्रान्सफर केस मध्ये शिरला की मागचा शाफ्ट लांब पडतो, म्हणून तो कापायचा आणि बॅलन्स करून घ्यायचा. बॅलन्स नाही केला तरी गाडी चालते, फक्त साठच्या पुढे आरशात आबा दोन दिसतात. एक्सल भंगारातून आणा. विकणारा म्हणेल, "शेठ, फिट्टमफिट बसेल." तो खोटं बोलत नाही. कोणत्या गाडीला बसेल, एवढंच सांगत नाही.

खरी मजा अंबडच्या गॅरेजात. मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली जातो, टॉर्च तोंडात धरतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. मग त्याचा काळा हात बाहेर येतो आणि अंगठ्याने बोटाचं एक पेर दाखवतो. एक्सलचा गोळा आणि इंजिनचा ऑइल चेंबर यांच्यात एवढीच जागा उरली आहे. पुढचे पाटे खड्ड्यात दबले की गोळा चेंबरला धडकणार. उपाय आहे. इंजिन दोन इंच उचलायचं. इंजिन उचललं की पंखा रेडिएटरच्या कडेला घासतो, म्हणून रेडिएटर उचलायचा. तो उचलला की बॉनेट लागत नाही. बॉनेटसाठी बॉडी उचलायची, बॉडी उचलली की स्टिअरिंगचा दांडा तोकडा पडतो, ब्रेकचे पाइप ताणतात. तुम्ही फक्त चाकं फिरवायला निघाला होतात, हे या टप्प्यावर आठवू नका.

एक बारीक गोष्ट राहिली. मागच्या आणि पुढच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो सारखा लागतो. मागे ४.१० आणि पुढे ४.८८ असेल, तर शाफ्ट ४१ वेळा फिरला की मागची चाकं १० फेरे मारतात आणि पुढची साडेआठ सुद्धा नाही. म्हणजे मागचे म्हणतात चला, पुढचे म्हणतात थांबा. भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको, पण ट्रान्सफर केसला ते सोसत नाही. रेशो जुळला तरी डांबरावर फोर बाय फोर टाकायचं नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि दोन एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसला की सगळा ताण शाफ्टवर येतो. म्हणजे द्वारका सर्कलला, जिथे बघणारे असतात, तिथे गाडी टू व्हीलच.

आणि साधा डिफरन्शियल असा, की जे चाक चिखलात मोकळं, तेच गरगरणार. टणक जमिनीवरचं पाहुण्यासारखं बसून राहणार. पुढेही तसलाच बसवला, तर वाईट वेळेला पुढचं एक आणि मागचं एक फिरतं. चारातली दोन. पैसे मात्र चारांचे.

कागदांची काळजी नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसी बुकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल करू नका. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही इंजिन, रेडिएटर, बॉडी, स्टिअरिंग सगळंच हलवलं आहे, तेव्हा पेठ रोडला आरटीओत जाताना कॅलक्युलेटर न्या. विमेवाल्याला आपण होऊन सांगू नका. अपघात झाला की तो आपण होऊन बघेल.

मार्गशीर्षात गाडी गॅरेजातून सुटेल. तोवर टोमॅटो आबांच्या ट्रॉलीतून गेलेले असतील. पुढच्या आषाढात पहिला पाऊस पडला की स्टिकर पुसा, लिव्हर ओढा आणि ताठ मानेने रानात घाला. गाडी खरंच जाईल. मागच्या वर्षी जिथे बसली, ती जागा ओलांडून तीस-चाळीस पावलं आत जाईल आणि मग चारही चाकांवर बसेल.

आबा बांधावर ट्रॅक्टर उभा करून खाली उतरतील, दोराकडे बघतील, गाडीकडे बघतील आणि म्हणतील, "एवढ्या आत दोर नाही पुरायचा रे. घरून दुसरा घेऊन ये."