शेवाळाची पट्टी घरी होते, पण जखमेवर लावण्याजोगी नाही

‘सोडियम अल्जिनेटची पावडर पाण्यात कालवा, कोरफडीचा गर घाला, कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवा. दवाखान्यातली महागडी पट्टी दहा मिनिटांत तयार! नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य, कुठल्याही जखमेला चालते.’ हा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं रसायनशास्त्र बरंचसं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी ‘दहा मिनिटांत’. तपकिरी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियममुळे एकमेकींना बांधल्या जातात, हे बरोबर. पण १०० मिली पाण्यात २ ग्रॅम पावडर एकदम ओतली, तर बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरड्या गुठळ्या होतात. त्या तासन्‌तास विरघळत नाहीत. पावडर जोरात ढवळत, चिमटी-चिमटीने भुरभुरावी लागते. पाणी डिस्टिल्डच हवं, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम आधीच गोठवायला लागतं. ग्रॅमभर ग्लिसरीन नसेल तर वाळलेली फिल्म वाकवताच तडकते. बुडबुडे निघायला द्रावण रात्रभर ठेवायचं, मग पातळ थर ४० अंशांवर दिवसभर वाळवायचा, त्यानंतर २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये ५ ते १० मिनिटं बुडवायचा. शेवटी धुवायचं, आणि नेमकी हीच पायरी मजकुरात नाही. न धुतलेल्या फिल्मवरचं कॅल्शियम क्लोराइड जखमेला झोंबतं, शिवाय हवेतला ओलावा ओढून फिल्म चिकट होते.

एवढं करूनही ती ‘दवाखान्यातली पट्टी’ नव्हेच. दवाखान्यातली बहुधा तंतूंची असते: द्रावण बारीक छिद्रांतून कॅल्शियमच्या पाण्यात सोडून तंतू काढतात आणि त्यांची नमद्यासारखी गादी करतात. वजनाच्या १५ ते २० पट स्राव धरण्यात तंतूंमधल्या पोकळ्यांचा मोठा वाटा असतो. घरच्या फिल्मची परीक्षा साध्या पाण्यात घेऊ नका. जखमेच्या स्रावातलं सोडियम पट्टीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून ती फुगून जेल बनते; साध्या पाण्यात ते सोडियमच नसतं. म्हणूनच पट्ट्यांसाठीच्या ईएन १३७२६ या युरोपीय मानकाच्या चाचणीत लिटरभर पाण्यात ८.२९८ ग्रॅम मीठ आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असतं, तापमान ३७ अंश आणि वेळ ३० मिनिटं.

‘नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य’ हा दावा सगळ्यांत घातक. वनस्पतीच्या पावडरीत मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि उकळत्या पाण्याला ते दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवले तर मरतात, पण त्या उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्याही तुटतात आणि जेल पातळ पडतं. निर्जंतुकीकरणासाठी दिलेल्या २५ किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात. त्यामुळे बनवणाऱ्याला आधीच लांब साखळीचा माल घ्यावा लागतो, आणि ताकद व शोषण निर्जंतुकीकरणानंतर पुन्हा मोजावं लागतं. जिवाणू मेले तरी काहींच्या आवरणातली विषं, म्हणजे एंडोटॉक्सिनं, उरतात. ती ऑटोक्लेव्हमध्येही टिकतात, म्हणून कच्चा मालच शुद्ध लागतो. ताज्या कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक गरात उतरला तर त्वचेला खाज सुटू शकते. वैद्यकीय साधनांसाठीच्या आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत पट्टीच्या अर्कात पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून जास्त घटली तर तो अर्क पेशींना विषारी ठरतो. ही चाचणी स्वयंपाकघरात होणार कशी?

‘कायटोसानही वनस्पतीचंच’ असंही त्या मजकुरात जोडलंय. कायटोसान हा पट्ट्यांत वापरला जाणारा आणखी एक पदार्थ; तो मुख्यतः कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून काढतात, काही बुरशीपासून. काटेकोरपणे पाहिलं तर तपकिरी शेवाळही वनस्पती नाही. खरोखर वनस्पतीचं हवं असेल तर पेक्टिन (फळांतला जेल बनवणारा पदार्थ) किंवा सेल्युलोजपासूनचं सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) आहे.

राहिलं ‘कुठल्याही जखमेला’. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. पण अल्जिनेट तो ओलावा जखमेच्या स्रावातूनच घेतं. कोरड्या जखमेवर किंवा काळ्या, वाळलेल्या खपलीवर जेल बनतच नाही, पट्टी चिकटून बसते आणि ओढताना नवी त्वचाही सोलवटते. भळाभळा रक्त वाहत असेल तर दाब द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. चिकटलेली पट्टी ओढू नये, ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनने भिजवावी आणि सुटेपर्यंत थांबावं.