हुरडा आपला, मग बाहेरचं कोण?

आज दुपारी सोलापुरात अक्कलकोट रोडला मित्राच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. आगटीतली गरम कणसं हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. झकास चाललं होतं. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण बकाणा भरून म्हणतो, "हे खरं आपलं. बाहेरच्यांनी येऊन सगळं बिघडवलं बघ."

तिथं गप्प बसलो. खाताना वाद नको. घरी आल्यावर डोकं तापलंय.

अरे बाबा, तू चोळत होतास ती ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानकडची. शेंगा दक्षिण अमेरिकेतल्या. मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ ला तिकडं पोचला, वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, मग पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडं आली. आपल्या मंगळवेढ्याच्या चोखोबांनी मिरचीचा ठेचा कधी चाखलाच नाही! आणि तू मांडी ठोकून बसला होतास ती चादर? तिची नक्षी जकार्डवर निघते. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ जकार्डनं १८०४ च्या सुमाराला बसवलेलं यंत्र ते. आणि ती विणणारे हात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली लोकांचे. झालं समाधान?

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. शेजारी तेलुगू घर, दिवसभर मागाची खडखड. आमची आज्जी उखळात चटणी कुटायची आणि पहिली वाटी भिंतीवरून पलीकडच्या अक्कांना. अक्का वाटी कधी रिकामी परत द्यायच्या नाहीत. अंबाडीची भाजी यायची, त्या तिला पुंटीकूर म्हणायच्या. आज्जीला तेलुगू ओ का ठो कळत नव्हतं, अक्कांचं मराठी ऐकून आम्ही पोरं हसायचो. पण पुंटीकूर आज्जी अक्कांसारखीच करायला लागली. आज माझी बायको करते, आणि आमच्याकडं तिला "आज्जीची भाजी" म्हणतात.

जग असंच चाललंय ओ, वाटीवाटीनं. गुळाचंच बघा. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, पण रसाचे खडे करायची विद्या इथली. आपली 'शर्करा' फारसी-अरबीतून फिरत फिरत युरोपात 'शुगर' झाली. वाटी भरून परत गेली की नाही?

हां, सगळेच वाटी घेऊन आले नाहीत, हे मान्य. स्पॅनिश लोकांबरोबर देवीचा रोग गेला आणि मेक्सिकोतली गावंच्या गावं ओस पडली. पोर्तुगीजांनी गोव्यात काय केलं तेही माहितीय. लुटारूला लुटारूच म्हणायचं. पण त्याचा राग मागावर बसणाऱ्यावर कशाला काढता?

आपले कोटणीस डॉक्टर १९३८ ला चीनला गेले, लढाईत जखमी झालेल्यांवर उपचार करत १९४२ ला तिथंच वारले. बत्तिसाव्या वर्षी. तिकडं ते 'बाहेरचे'च होते की. अजून त्यांचं नाव काढतात तिथं.

असो. मित्रच आहे तो, उद्या परत चहाला भेटणार. जरा जास्तच बोललो असेन.

अक्कांनी घर बदललं तेव्हा त्यांची एक वाटी आमच्याकडंच राहिली. पितळी आहे, काठावर तेलुगूत नाव कोरलंय. आमच्यात कुणालाच ते वाचता येत नाही. आज्जी जाईपर्यंत म्हणत होती, "रिकामी कशी द्यायची गं, काहीतरी करून देऊ." आत्ता बघितली, फळीवर आहे. जिरं ठेवलंय त्यात.