त्या चौदा महिन्यांत ती काय करत होती?

आज ऑफिसातून निघाले आणि पार्किंगमध्ये गाडीत दहा मिनिटं बसून राहिले. हा राग घरी नेला असता तर बिचाऱ्या नवऱ्यावर निघाला असता. म्हणून इथे काढतेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

झालं असं. आमच्याकडे स्ट्रक्चरल डिझाइनची एक जागा भरायची आहे. निवडलेले सहा रेझ्युमे घेऊन मॅनेजर, एक सीनियर आणि मी असे तिघं बसलो होतो. त्यातला एक एका बाईचा. नऊ वर्षं पुलांची कामं केलेली, कुठल्या पुलाचा किती मीटरचा स्पॅन हेही नीट लिहिलेलं. कॅनडात येऊन सव्वा वर्ष झालंय. सीनियरने कागद उचलला, वरवर चाळला, "चौदा महिन्यांची गॅप आहे," म्हणाला आणि बाजूला सारला. मॅनेजर फोन घ्यायला बाहेर गेल्यावर हळूच मला म्हणतो, "अगं, इथला काहीच अनुभव नाही तिला. उगाच रिस्क कशाला?"

हो, मराठीत. आपलाच माणूस आहे. वीसेक वर्षांपूर्वी आलेला.

आणि मी काय केलं? मी पुढचा रेझ्युमे उचलला.

राग आहे तो याचा. त्याचा नंतर.

कारण त्या चौदा महिन्यांत काय असतं ते मला माहीत आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही आलो. माझ्याकडे अकरा वर्षांचा अनुभव, एम.टेक. आणि मार्गदर्शनाच्या व्हिडिओंत सांगितल्याप्रमाणे दोन पानी रेझ्युमे, फोटो नाही, जन्मतारीख नाही, लग्न झालंय की नाही तेही नाही. चार महिने अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. दोन ठिकाणी फोनवर गोड बोलले: तुमचा अनुभव फार छान आहे, पण इथला नाही ना. साठवलेले पैसे संपत आले तेव्हा टोरांटोजवळच्या मिसिसागाच्या पब्लिक लायब्ररीत बसून मी दुसरा रेझ्युमे बनवला. गोदामासाठी. एजन्सीतल्या बाईने सांगितलं होतं, जास्त शिकलेल्यांना ते घेत नाहीत, टिकत नाहीत म्हणून. मग एम.टेक. खोडलं. मग बी.ई. खोडलं. मग अकरा वर्षं. बॅकस्पेस दाबून ठेवलं की अक्षरं आधी हळू आणि मग भराभर जातात, बघितलंय कधी? शेवटी उरलं काय, तर बारावी पास, मेहनती, वजन उचलू शकते, रात्रपाळी चालेल. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा गेम खेळत होता. रडायचीही सोय नव्हती.

ते काम लगेच मिळालं! तासाला ११ डॉलर ४० सेंट, तेव्हाचं किमान वेतन. हातात स्कॅनर, पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. बायकांच्या मापाचे दुकानात नव्हते, म्हणून पुरुषांचे घेतले आणि पुढे मोजा कोंबला.

आणि इंजिनिअरिंगच्या रेझ्युमेत त्या महिन्यांपुढे मी काय लिहिलं? काहीच नाही. कारण मार्गदर्शनवाल्यांचा सल्ला होता, गोदाम लिहू नका, वाईट दिसतं. म्हणजे गोदामाच्या कागदावर डिग्री नाही, डिग्रीच्या कागदावर गोदाम नाही. दोन्ही कागद खरे आणि दोन्हींत मी अर्धीच.

ही ती गॅप.

आता मला कुणीतरी समजावून सांगा. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर माणसं निवडायच्या पद्धतीत, पीआरसाठी (इथे कायम राहायच्या परवान्यासाठी) अर्ज करताना इथलंच सरकार परदेशातल्या अनुभवाचे गुण देतं. डिग्रीचं मूल्यांकन करून घेतलं, तर कागद येतो की इथल्या डिग्रीच्या तोडीची आहे. या गुणांवर तुम्हाला आत घेतलं जातं. आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की तोच अनुभव शून्य? मग मोजला कशाला होता?

लायसन्सचं तर विचारूच नका. मी आले तेव्हा आमच्या ऑन्टारिओ प्रांतात इंजिनिअरांना लायसन्स देणाऱ्या 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारिओ' या संस्थेचा नियम होता, चार वर्षांच्या अनुभवातलं किमान एक वर्ष कॅनडात, लायसन्स असलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली. ते वर्ष मिळणार नोकरीतून, आणि नोकरीवाले विचारणार, लायसन्स आहे का? ती अट त्यांनी मे २०२३ मध्ये काढून टाकली. चांगलं केलं. माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि कायदा नाही असंही नाही. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं होतं की कॅनेडियन अनुभवच हवा असा हट्ट हा सकृतदर्शनी भेदभाव आहे. यंदा १ जानेवारी २०२६ पासून तर २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत तसं लिहायलाच बंदी आहे. आमच्या जाहिरातीतही ते नव्हतंच. जाहिरातीत नव्हतं, ते माझ्या कानात सांगितलं गेलं, मराठीत.

बरं, दुसरी बाजू. इथलं काम वेगळं आहे, मान्य. छपरावर बर्फाचा भार धरायचा, उंच भिंतीलगत तो ढिगाने साचतो त्याचा वेगळा हिशोब. टोरांटोत पाया साधारण १.२ मीटर खाली न्यायचा, कारण ओली जमीन गोठली की फुगते आणि पाया उचलते. हे मला येत नव्हतं. शिकायला किती लागले? तीन आठवडे, कोड, म्हणजे इथल्या बांधकामाच्या नियमांचं पुस्तक, शेजारी उघडा ठेवून. तुळई वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, दोन्हीकडे सारखाच असतो हो!

आणि आता कमेंटमध्ये कुणीतरी "नेटवर्किंग करायला हवं" लिहीलच, म्हणून तेही आधीच मान्य करते. मला नोकरी ओळखीनेच मिळाली. पण कुणाच्या? ज्यांच्याबरोबर मी 'कॉफी चॅट' केल्या, त्या सुटाबुटातल्या लोकांच्या नाही. गोदामातल्या फोर्कलिफ्टवाल्याच्या. इथिओपियाचा होता, तिकडे शाळेत गणित शिकवायचा. जेवणाच्या सुट्टीत मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर रॅकचे खांब कुठे वाकलेत ते काढून दाखवत होते, तर तो बघतच राहिला. म्हणाला, तू इथे काय करतेस? त्याची मेहुणी एका छोट्या ऑफिसात होती, तिथे ड्राफ्टिंगला माणूस हवा होता. माझ्या निम्म्या वयाच्या मुलांचं काम. घेतलं. त्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी तेच सेफ्टी शूज घालून गेले होते, दुसरे बूट बर्फात टिकणारे नव्हतेच.

पुठ्ठा बघून त्याला जे कळलं ते नऊ वर्षांचे पूल वाचून आम्हाला कळत नाही.

आता त्या सीनियरबद्दल. मघाशी फार चिडले होते. लिहिता लिहिता जरा उतरलाय राग. तो आल्यावर दोन वर्षं रात्री पिझ्झा पोचवायचा. पार्टीत अगदी रंगवून सांगतो, बर्फात गाडी कशी अडकली, पिझ्झा कसा गार झाला, आणि आम्ही सगळे हसतो. त्याच्या रेझ्युमेत ती दोन वर्षं आहेत का हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. नसणारच. आपण सोसलं ना, मग त्यांनीही सोसावं, असं त्याला वाटतं असंही नाही. माणूस वाईट नाही, माझ्या पहिल्या प्रमोशनला त्यानेच शब्द टाकला होता. बहुतेक घाबरतो अजून. आपण आणलेलं माणूस चुकलं तर बोट आपल्याकडे येईल, याला. मीही त्यालाच घाबरले ना सकाळी? सात वर्षं झाली या कंपनीत, आणि तरी पुढचा कागद उचलला.

तर पार्किंगमधल्या त्या दहा मिनिटांत मी मॅनेजरला मेल केली. त्या बाईला इंटरव्ह्यूला बोलावू या, पुलांचा असा अनुभव बाकीच्या पाचांत कुणाकडे नाही, आणि कोड शिकवायचं काम माझं. चारच ओळी. सीनियरला सीसीत ठेवलं. पाठवताना हात थरथरत होते हे खरं सांगते.

हे लिहिता लिहिता उत्तर आलं. म्हणतोय, ठीक, पुढच्या मंगळवारी बोलावू, पण गॅपबद्दल तू विचार.

विचारते. पण आधी तिला माझ्या बुटांबद्दल सांगणार आहे.