सुईला मोबाईल लावून पाहिलास का?

पावसाळ्याआधी आजीचं शिलाई मशीन आवरून ठेवायचं होतं. फरशीवर तेल नको म्हणून ते पॅसेजमध्ये काढलं, एवढाच माझा गुन्हा. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिना उतरता उतरता थबकले.

"सिंगर?" आवाज एकदम खाली.

"हो."

"जुनं?"

नंबर 'वाय'नं सुरू होतो, म्हणजे १९२१ ते १९३५ मधलं, स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, असं मी उत्साहानं सांगायला लागले. काकांना स्कॉटलंडशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी मागेपुढे पाहिलं, काकूंना फोन लावला आणि तो सुईजवळ धरला.

"काका, काय करताय?"

"शूऽऽ! कट झाला तर आहे."

"काय आहे?"

"लाल पारा!"

फोन कट झाला नाही. पलीकडून काकू "अहो, कोथिंबीर घेतलीत का?" विचारत राहिल्या. काकांनी फोन शटलपाशी धरला, चाकापाशी धरला, शेवटी उकिडवे बसून पायदानाशी धरला. कोथिंबीर काही थांबेना.

ही अफवा सौदी अरेबियातली, २००९ सालची. सिंगरच्या सुईत लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो आणि तो असला की मोबाईल बंद पडतो, असं तिकडे पसरलं आणि दोनशे रियालची मशीनं दोन लाख रियालपर्यंत गेली. असला पारा जगात आहे याचाच पुरावा नाही. पण काकांचा भाचा जेद्दात आहे.

"मग तू पुसून टाकलास," काका म्हणाले. "तेल घालताना." आणि माझ्या हातातली तेलकट चिंधी घेतली, हुंगली, "बघतो तपासून" म्हणत खिशात घातली. चोर मी!

मशीन ठेवायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. दोरा, बॉबिन काढून घ्यायचे. सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांतला भुगा ब्रशनं काढायचा. भोकाभोकात मशीनच्याच तेलाचा थेंब सोडून चाक फिरवायचं. खोबरेल नको, ते घट्ट होऊन बसतं. चामडी पट्टा उतरवून ठेवायचा. कापड दाबणाऱ्या पायाखाली सुती घडी ठेवायची, म्हणजे तो दात्यांवर टेकत नाही. वरून जुनी सुती चादर. प्लास्टिक घातलं की आत दमट हवा कोंडते आणि गणपतीपर्यंत गंज. शिवाय दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू तेलाच्या भोकांत जाऊन बसतं, ते मी टाचणीनं कोरत बसते. पूजेला घरात गर्दी, टाचणीला मी एकटी.

पाहुण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. "वरचं मशीन काढून टाक, खालच्या लोखंडी पायांवर काच बसव, हॉटेलात असतं तसं मस्त टेबल होईल." ज्या मशीनवर आजीनं गल्लीभरच्या बायकांची पोलकी शिवून पोरांच्या फिया भरल्या, त्यावर यांना कॉफी प्यायची आहे. लाल पाऱ्याला दोन लाख, आणि आजीच्या शिवणाला? तेव्हाही बायका "पुढच्या महिन्यात देते हं" म्हणायच्या. काहींचे पैसे अजून यायचे आहेत.

सगळं बांधून, चादर घालून, मशीन आत ढकललं. संध्याकाळी बेल वाजली. काका. हातात चिंधी नाही, पिशवी.

"पारा नाहीये ना, नक्की? मग हे दोन पडदे आहेत. नुसत्या सरळ टिपा मारायच्यात. तुझं मशीन आज काढलेलंच आहे म्हणून म्हटलं..."

दोऱ्याचं रीळसुद्धा आणलं नव्हतं.